हरवलेल्या ई-पत्राचा माग

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, पूर्णा आणि केळना या नद्यांच्या काठी जाफराबाद हे तालुक्याचे गाव आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. आता गंमत पाहा. ३० एप्रिलला कोणी 'मु. पो. जाफराबाद, जि. औरंगाबाद' असा पत्ता घालून पोस्टकार्ड पेटीत टाकले असेल, तर ते वाटेत असतानाच त्यावरचा जिल्हा चुकीचा ठरला! गाव तसूभरही हलले नव्हते, पत्ता मात्र बदलला होता. पण टपाल कचेरीत पत्त्याचा अर्थ लावणारी माणसे असतात. जिल्हा चुकला म्हणून ती पत्र फेकून देत नाहीत. एखादे कुटुंब गाव सोडून गेले, तर जुना पत्ता खोडून त्यावर नवा लिहितात आणि पत्र पुढे रवाना करतात.

संगणकांच्या टपालातही पत्र असे पुढे धाडण्याची सोय आहे. तिला फॉरवर्डिंग म्हणतात. पण तेथे अर्थ लावणारे माणूस नसते, नियम असतात. आणि नियम पाळूनही पत्र हरवू शकते. कसे, ते एका गोष्टीच्या आधाराने पाहू. गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यातला प्रत्येक बिघाड खरा आहे. तुमच्या शाळेतही तो घडू शकेल.

तीन निरीक्षणे

असे समजा की, जाफराबादच्या एका शाळेने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले. डोमेन म्हणजे ई-पत्त्यातील '@' या चिन्हानंतरचा भाग. शाळेचा पत्ता झाला 'शाळा@उदाहरण.इन'. कल्पना चांगली होती. मुख्याध्यापक बदलतात, त्यांचे खासगी पत्ते बदलतात. शाळेचा पत्ता मात्र कायम राहावा. परंतु या पत्त्यामागे खरी पत्रपेटी नव्हतीच. तेथे आलेले प्रत्येक पत्र मुख्याध्यापिकाबाईंच्या जीमेलच्या पेटीत आपोआप जावे, एवढीच व्यवस्था केलेली होती. उद्या बाईंची बदली झाली, तर फक्त पुढचा पत्ता बदलायचा. छापील पावत्या, फलक, अर्ज सगळे तेच राहणार.

नववीतल्या एका मुलीने गावातल्या विहिरींच्या पाण्याच्या कठीणपणावर प्रकल्प केला आणि तो एका विज्ञानसंस्थेकडे पाठवला. संस्थेने तिची सुट्टीतल्या शिबिरासाठी निवड केली. आठ दिवसांत होकार कळवा, असे पत्र शाळेच्या पत्त्यावर धाडले. ते आलेच नाही. दहाव्या दिवशी दूरध्वनी केला तेव्हा उत्तर मिळाले, "आम्ही पत्र पाठवले होते. तुमच्याकडून काही कळले नाही, म्हणून ती जागा दुसऱ्याला दिली."

बाईंनी ताबडतोब तपास सुरू केला. स्वतःच्या फोनवरून शाळेच्या पत्त्यावर एक पत्र पाठवले. ते आले नाही! मग गणिताच्या सरांना त्यांच्या जीमेलवरून पाठवायला सांगितले. ते मात्र मिनिटभरात आले. संस्थेला पुन्हा एकदा पाठवायची विनंती केली. ते पुन्हा आले नाही.

विद्यार्थीमित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. बाईंचे पत्र आले नाही, सरांचे आले, संस्थेचे आले नाही. एकच कारण या तिन्ही गोष्टींचा उलगडा करू शकेल काय? सगळेच बंद असते तर शोधणे सोपे होते. सरांच्या पत्राने घोटाळा केला आहे.

पत्ता उजवीकडून वाचा

कोणतेही पत्र नेमके कोणत्या टप्प्यावर हरवले हे शोधायचे, तर आधी त्याचा मार्ग माहीत हवा. आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे: नाव, घर, गाव, तालुका, जिल्हा. पण पत्रांची छाननी करणारा तो उलटा वाचतो. त्याला आधी जिल्हा हवा, घर शेवटी. या उलट्या वाचनाला आकड्यांत बसवले ते श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल-तार खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते. त्यांनी आखलेली सहा आकडी पिन पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात. जाफराबादच्या परिसरातले ४३१ ने. पहिले तीन आकडे पत्र कोठे छाटायचे ते सांगतात, शेवटचे तीन ते कोणत्या कचेरीतून वाटायचे ते सांगतात. १९८१ साली जिल्हा बदलला, तरी ४३१ तेच राहिले, हे सोयीचेच झाले. (आणखी एक योगायोग: विदेश संचार निगमाने भारतातल्या सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली.)

'शाळा@उदाहरण.इन' हा पत्ताही संगणक उजवीकडूनच वाचतो. संस्थेचा टपाल-संगणक आधी '.इन' कोण सांभाळतो ते विचारतो. तेथून उत्तर येते की, 'उदाहरण' या नावाची नोंदवही अमुक संगणकावर आहे. मग त्या नोंदवहीला प्रश्न जातो: "या नावाची पत्रे कोणाकडे द्यायची?" तिच्यातल्या ज्या नोंदीत याचे उत्तर असते, तिला एमएक्स नोंद म्हणतात. नावांची ही जगभर वाटलेली नोंदवही, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली आणि एमएक्स नोंदीचे नियम १९८६ साली ठरले.

शाळेच्या एमएक्स नोंदीत फॉरवर्डिंग करणाऱ्या सेवेच्या संगणकाचे नाव होते. म्हणजे पत्राचा प्रवास असा: संस्थेचा संगणक, तेथून फॉरवर्डिंगची सेवा, तेथून जीमेल. दोन उड्या. पत्र पहिल्या उडीत पडले की दुसऱ्या?

एमएक्स नोंदीत नेहमी आढळणारी एक चूक सांगतो, कारण ती फार फसवी आहे. शाळेने पूर्वी संकेतस्थळासाठी दुसरीकडे जागा घेतलेली असते आणि तेथली जुनी एमएक्स नोंद कोणी पुसलेली नसते. नव्या सेवेची नोंद तिच्याशेजारी जाते. प्रत्येक एमएक्स नोंदीपुढे एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक लहान, त्याचे दार आधी ठोठावायचे. दोन नोंदींचे क्रमांक सारखेच असले, तर पाठवणारा संगणक त्यांपैकी कोणतेही एक दार निवडतो. मग काही पत्रे नव्या वाटेने येतात आणि काही जुन्या, विसरलेल्या पेटीत साचत राहतात. लोक म्हणतात, "कधी येते, कधी येत नाही." असे वाक्य ऐकले की आधी जुन्या नोंदी शोधाव्यात.

म्हणून बाईंनी सरांना एकच पत्र पाठवून थांबू दिले नाही. विषयात १, २, ३ असे क्रमांक घालून दहा पत्रे पाठवायला लावली. दहाही आली. दोन सारखी दारे उघडी असती, तर दहाच्या दहा पत्रांनी एकच दार निवडण्याची शक्यता ५१२ मध्ये एक! (ही संख्या कशी आली ते गणिताच्या वहीत करून पाहा. पहिल्या पत्राने कोणतेही दार निवडले तरी चालेल, हे लक्षात ठेवा.) नाणे उडवण्यासारखेच प्रत्येक वेळी घडते असे नाही, तरी पहिला संशयित जवळजवळ सुटला. डोमेनचे वार्षिक शुल्क भरलेले होते हेही दहा पत्रांवरून सिद्ध झाले. शुल्क थकले तर नाव बंद पडते आणि कोणाचेच पत्र येत नाही.

येथे एक सावधगिरी. नोंद दुरुस्त केली की ती लगेच सगळीकडे दिसत नाही. प्रत्येक नोंदीवर, ती किती सेकंद लक्षात ठेवायची, हे लिहिलेले असते. ३६०० लिहिले असेल, तर ज्याने पाच मिनिटांपूर्वी विचारले होते तो आणखी पंचावन्न मिनिटे जुनेच उत्तर धरून बसेल. अधीर माणूस दर दहा मिनिटांनी नवी दुरुस्ती करतो आणि शेवटी कोणत्या दुरुस्तीने काय झाले हे त्यालाच कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? येथेही तेच.

फसवणारा प्रयोग

आता बाईंचे स्वतःचे पत्र. ते का आले नाही?

खरे तर ते आले होते. बाईंनी पत्र पाठवले आपल्या जीमेलवरून. ते शाळेच्या पत्त्यावर गेले आणि तेथून फिरून त्याच जीमेलच्या पेटीत आले. प्रत्येक ई-पत्रावर एक ओळखक्रमांक असतो. जीमेलने पाहिले की, या क्रमांकाचे पत्र या पेटीत आधीच आहे, 'पाठवलेले' या कप्प्यात. मग त्याची दुसरी प्रत आलेल्या पत्रांत मांडायची कशाला? म्हणून पत्र दिसले नाही.

फॉरवर्डिंग तपासताना जवळजवळ प्रत्येक जण पहिली चाचणी अशीच घेतो, आणि चांगली चालणारी व्यवस्था बिघडली आहे असे समजून ती मोडून ठेवतो! मोजणारे उपकरणच मोजमापात ढवळाढवळ करते, याचे हे नमुनेदार उदाहरण. गार तापमापी थेंबभर गरम पाण्यात बुडवली, तर पाणीच निवते आणि तापमापी कमी तापमान दाखवते, तसेच हे. चाचणीचे पत्र नेहमी तिसऱ्याच्या पेटीतून पाठवावे.

तीनपैकी एक निरीक्षण अशा रीतीने बाद झाले. उरली दोन: सरांचे येते, संस्थेचे येत नाही. आता कोडे खऱ्या अर्थाने सुरू होते.

पाकीट आणि पत्र

ई-मेलला पाकीट असते हे तुम्हांला माहीत आहे काय? आपल्याला पडद्यावर दिसते ते आतले पत्र. त्यावर 'प्रेषक' म्हणून जे नाव असते ते पत्राच्या कागदावरचे नाव. टपाल नेणारे संगणक मात्र एकमेकांशी बोलताना एक वेगळे पाकीट वापरतात. त्यावरही प्रेषक आणि पत्ता असतो. पत्र पोहोचले नाही तर परत कोणाकडे धाडायचे, हे पाकिटावरच्या प्रेषकावरून ठरते. बहुतेक वेळा दोन्ही नावे एकच असतात. पण असलीच पाहिजेत असे नाही.

ही पद्धत घडली तो काळ विश्वासाचा होता. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये '@' योजले. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपाल-संगणकांच्या संभाषणाचे नियम लिहिले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. त्या नियमांत फॉरवर्डिंगचा विचार चक्क केलेला होता. एका संगणकाने दुसऱ्याला '२५१' हा आकडा सांगितला, तर त्याचा अर्थ "हा मनुष्य येथे राहत नाही, पण पत्र ठेवा, मी पुढे पाठवतो." कसे आपल्या खेड्यातल्या पोस्टमनसारखे! मात्र पत्र आणणारा खरोखर कोणाच्या वतीने आला आहे, हे विचारण्याची त्यात सोय नव्हती. जोडलेले संगणक मोजके होते आणि ते बहुतेक विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे होते. संशय कोणाचा घ्यायचा?

पुढे कोट्यवधी लोक आले, आणि त्यांच्यामागून भामटे आले. बँकेच्या नावाने पत्र लिहून खात्याचा क्रमांक मागणे अगदी सोपे होते. कागदावर बँकेचे नाव लिहिले की झाले. मग दारावर पहारा बसवावा लागला.

पहिला पहारेकरी एसपीएफ. समजा, संस्थेने आपल्या नोंदवहीत जाहीर यादी लावली: "आमची पत्रे फक्त या या संगणकांकडून येतील." जीमेलच्या दारात कोणी पत्र घेऊन आला, की जीमेल पाकिटावरच्या प्रेषकाचे डोमेन पाहते, त्याची यादी काढते आणि पत्र आणणारा त्या यादीत आहे का ते तपासते.

आता शाळेच्या पत्राचे काय होते पाहा. पाकिटावर नाव आहे संस्थेचे. पत्र घेऊन दारात उभी आहे फॉरवर्डिंगची सेवा. संस्थेच्या यादीत तिचे नाव नाही, असण्याचे कारणही नाही. जाफराबादच्या शाळेने कोणती सेवा घेतली हे संस्थेला काय ठाऊक? पहारेकरी म्हणतो, "हा परका माणूस आहे." प्रामाणिकपणे पत्र पुढे नेणारा आणि दुसऱ्याच्या नावाने पत्र घुसवणारा भामटा, हे दोघे एसपीएफला अगदी सारखेच दिसतात. आपल्या सगळ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

पण मग सरांचे पत्रही अडायला हवे होते. तेही त्याच सेवेने नेले. ते का सुटले?

कारण दुसरा पहारेकरी. त्याचे नाव डीकेआयएम. तो पत्र कोणी आणले हे पाहतच नाही, पत्रावरची मोहर पाहतो. पाठवणारा संगणक पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक लहानशी संख्या काढतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती संख्या पार बदलते. मग ती संख्या तो आपल्या गुप्त किल्लीने मोहरबंद करतो. मोहर तपासण्याची दुसरी किल्ली मात्र डीएनएसच्या नोंदवहीत उघड्यावर ठेवलेली असते. तिने मोहर तपासता येते, नवी उठवता येत नाही. लाखेची मोहर लावलेला लखोटा पाच हातांतून गेला तरी मोहर शाबूत असेल तर आतला मजकूर खरा, तसेच हे. जीमेलवरून निघणाऱ्या पत्रांवर अशी मोहर असते. म्हणून सरांचे पत्र सेवेच्या हातून गेले, एसपीएफच्या परीक्षेत नापास झाले, पण मोहरेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले.

संस्थेच्या संगणकावर मोहर उठवण्याची व्यवस्थाच नव्हती. होती ती फक्त यादी.

आणि तिसरा पहारेकरी, डीमार्क. हा खरे म्हणजे पहारेकऱ्यांचा जमादार. त्याचे म्हणणे असे: दोन परीक्षांपैकी निदान एकीत पत्र उत्तीर्ण झाले पाहिजे, आणि ज्या नावाने ते उत्तीर्ण झाले ते नाव कागदावरच्या प्रेषकाशी जुळले पाहिजे. तसे नसेल तर काय करायचे, हे त्या त्या डोमेनच्या मालकाने आधीच जाहीर केलेले असते: सोडून द्या, संशयित पत्रांच्या कप्प्यात टाका, किंवा दारातूनच परत करा. आपल्या संस्थेने, बहुधा कोणाच्या तरी सल्ल्यावरून, 'परत करा' असे लिहून ठेवले होते. थेट जाणारी पत्रे एसपीएफच्या जोरावर पार होत, म्हणून संस्थेला काही जाणवले नाही. पुढे धाडलेली मात्र दोन्ही परीक्षांत नापास. स्वतःच्याच हुकुमाने त्यांनी स्वतःचे पत्र परतवले!

हे पहारे अलीकडे अधिक कडक झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी या परीक्षा सक्तीच्या केल्या. जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तर तिन्ही लागतात. म्हणून पूर्वी वर्षानुवर्षे चालत आलेले एखादे फॉरवर्डिंग, कोणी हात लावलेला नसतानाही, एके दिवशी अडखळू लागते.

परत आलेले पत्र कोणी उघडले?

येथे एखादे चौकस विद्यार्थी विचारतील, जीमेलने पत्र नाकारले तर ते परत का आले नाही?

आले होते. टपाल-संगणक आकड्यांत उत्तरे देतात. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झाले. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, नंतर या. मग पाठवणारा थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, चार-पाच दिवसदेखील. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. जीमेलने फॉरवर्डिंगच्या सेवेला '५५०' सांगितले. सेवेने नियमाप्रमाणे पाकिटावरच्या प्रेषकाला कळवले. पण संस्थेने पाकिटावर घातला होता तो 'येथे उत्तर पाठवू नका' अशा धर्तीचा पत्ता, ज्याची पेटी कोणी उघडतच नाही. नकाराची चिठ्ठी त्या पेटीत पडून राहिली. संस्थेतली माणसे खरेच सांगत होती की आम्ही पाठवले, आणि बाईही खरेच सांगत होत्या की आम्हांला मिळाले नाही.

फॉरवर्डिंगच्या बऱ्याच सेवा आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवतात. बाईंनी शेवटी ती उघडली. संस्थेचे पत्र दोन्ही वेळा आल्याची वेळ तेथे होती, आणि पुढे '५५०-५.७.२६' असा शेरा. जीमेलच्या भाषेत त्याचा अर्थ, 'पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.' पहिली उडी नीट, दुसरी फसलेली. चार दिवसांचा तपास त्या एका ओळीत होता. नोंदवही आधी वाचावी, तर्क मागाहून करावेत. पण आपण सगळेच उलटे करतो!

मग उपाय काय?

बाईंच्या मदतीला आलेल्या एका तरुणाने शाळेच्या नोंदवहीत नवी एसपीएफ यादी लावून दिली. उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते तुम्ही आता सांगू शकाल. जीमेल तपासत होते ती यादी पाकिटावरच्या प्रेषकाची, म्हणजे संस्थेची. शाळेच्या वहीत काय लिहिले आहे, हे तेथे कोणी पाहतच नव्हते.

दुसरा उपाय सेवेकडे असतो. पत्र पुढे धाडताना ती पाकिटावरचे नाव बदलून आपले घालते आणि मूळ नाव त्यातच गुंफून ठेवते, म्हणजे नकार आला तर मागे कळवता येते. याला एसआरएस म्हणतात. याने एसपीएफचा पहारेकरी शांत होतो. परंतु जमादाराचे काय? पाकिटावरचे नाव आता सेवेचे, कागदावरचे संस्थेचे. दोन्ही जुळत नाहीत. डीमार्कचा नियम कडक असेल तर पत्र तरीही परत. २०१९ साली आलेली एआरसी नावाची एक पद्धत आहे. तिच्यात मधला टपालवाला आपली साक्ष जोडतो: "माझ्याकडे आले तेव्हा हे पत्र परीक्षेत उत्तीर्ण होते." ती साक्ष मानायची की नाही, हे मात्र घेणाऱ्याच्या मर्जीवर.

खरी दुरुस्ती संस्थेच्या हातात होती: आपल्या पत्रांवर डीकेआयएमची मोहर उठवणे. संगणक सांभाळणाऱ्याला हे काम फार मोठे नाही. एकदा मोहर आली की पत्र कितीही हातांतून जावो, वाटेत कोणी मजकुराला हात लावला नाही म्हणजे झाले. काही सेवा पत्राखाली स्वतःची जाहिरातीची ओळ चिकटवतात, किंवा विषयाच्या आधी काही शब्द जोडतात. तेवढ्यानेही मोहर फुटते. असली सेवा घेऊ नये.

शाळेच्या हातात असलेला उपाय साधा आहे. पत्रे पुढे धाडूच नयेत, 'उदाहरण.इन' या नावावरच खरी पेटी घ्यावी आणि बाईंनी ती उघडून वाचावी. मग मधला माणूसच उरत नाही. बदली झाली की पेटीची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, बदलून नव्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यायची. थोडा खर्च येतो. माझे मत विचाराल, तर जेथे मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या अवलंबून आहेत तेथे हा खर्च करावा, आणि फॉरवर्डिंग फक्त किरकोळ पत्रांसाठी ठेवावे.

आपल्या गोष्टीतल्या शाळेने तेच केले. बाईंनी '५५०' ची ती ओळ उतरवून संस्थेला कळवली. तेव्हा संस्थेतल्या कोणीतरी ती न उघडलेली पेटी प्रथमच उघडली. तीत अशा बऱ्याच चिठ्ठ्या होत्या, निरनिराळ्या शाळांच्या नावांच्या. जाफराबादच्या मुलीची त्या वर्षीची जागा गेली होती. त्या पेटीत आणखी कोणाकोणाच्या गेल्या, ते संस्था एकेक चिठ्ठी काढून पाहू लागली.

करून पाहा

पोस्टकार्डावर निघालेल्या आणि पोहोचलेल्या कचेऱ्यांचे शिक्के असतात. ई-पत्रावरही असतात, फक्त ते झाकलेले असतात. घरच्या मोठ्या माणसांना विचारून संगणकावर जीमेलमधले एखादे पत्र उघडा आणि बाजूच्या तीन ठिपक्यांच्या यादीतून मूळ संदेश दाखवणारी सोय निवडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन परीक्षांचे निकाल दिसतील. खाली 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. प्रत्येक टपाल-संगणक आपला शिक्का आधीच्या शिक्क्यांच्या वर मारतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. सर्वांत खालचे शिक्के भामटा खोटे बनवू शकतो, वरचा तुमच्याच टपालसेवेचा म्हणून भरवशाचा.

आता वेळा पाहा. समजा, सर्वांत खाली 'सोमवार १०:४२:०५, +०५३०' असे आहे, त्यावर 'सोमवार ०५:१२:०७, +००००', आणि सर्वांत वर 'रविवार २२:१२:०९, −०७००'. पत्र सोमवारी निघाले आणि रविवारी पोहोचले! प्रत्येक वेळेपुढची संख्या ते घड्याळ ग्रीनिचच्या किती तास-मिनिटे पुढे किंवा मागे आहे ते सांगते. तिन्ही वेळा भारतीय वेळेत बदला आणि पत्राला एकूण किती सेकंद लागले ते काढा. मग आपल्या घरच्या पाच पत्रांसाठी तेच करा. एखाद्या पत्रात वजाबाकी करूनही वरची वेळ खालच्या वेळेच्या आधीची निघेल. तेव्हा गोंधळू नका; दोन यंत्रांपैकी एकाचे घड्याळ चुकते आहे. कोणाचे, हे बाकीच्या शिक्क्यांवरून ठरवता येते का ते पाहा.